वीस मिनिटांची मोजणी
म्हातारा ओरिवाल्दो तळ्यातले पिरारुकू मासे डोळे मिटून मोजायचा. श्वासाला वर आलेल्या माशाच्या फुसकाऱ्यावरून तो त्याचं वजन, वय आणि सासुरवाडीसुद्धा सांगतो, अशी गावाची खात्री होती. त्याच्याच आकड्यावर गावाला मासेमारीची परवानगी मिळायची. हल्ली सगळे त्याच्याशी ओरडून बोलत. लोकांची रीतच बिघडलीय, असं तो म्हणे. आज लेक झुल्मिरा होडीत घड्याळ घेऊन बसली. वीस मिनिटांत प्रत्येक मासा एकदा तरी वर येतोच. वेळ संपताच तो म्हणाला, "शून्य." "बाबा, चेष्टा पुरे!" ती ओरडली. "चाळीस तर मीच पाहिले!" त्याने डोळे उघडले. हातभर अंतरावर तांबड्या शेपटीचं धूड उसळलं, पाणी तोंडावर उडालं. आवाज तेवढा आला नाही. त्याने पेन्सिल तिच्या हातात दिली. "तू मोज, मी वल्ही मारतो."