पाचवा बिल्ला

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं, आणि हेरंब दातार खोलीत नवरीच्या चपलांभोवती पाकळ्या मांडून फोटो काढत होता. जाकिटावर छायाचित्रकार परिषदेनं रीतसर परीक्षा घेऊन दिलेले चार बिल्ले होते: लग्न, व्यक्तिचित्र, पक्षी आणि खाद्यपदार्थ. ‘सहज क्षण’ या पाचव्या बिल्ल्याला मात्र तो दोनदा नापास झाला होता.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. हेरंब धापा टाकत मांडवात आला. “गुरुजी, अंतरपाट जरा परत धरा. माझी फ्रेम लागायचीय.”

“लग्न लागलं,” गुरुजी म्हणाले. “तुमच्यासाठी मोडू का आता?”

नवरीच्या आत्यानं मोबाईल पुढे केला. “माझ्याकडे आलाय बघा एक.” फोटो वाकडा होता, कोपऱ्यात आत्याचाच अंगठा आला होता. पण मधोमध नवरीचा बाप उपरण्यात तोंड लपवून रडत होता, आणि नवरी हार हातात तसाच धरून, नवऱ्याला सोडून बापाकडे बघत होती.

हेरंबनं तो मोठा करकरून पाहिला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, “मला पाठवता, आत्या? अल्बमला घेतो.” आत्या सुखावली.

अल्बममध्ये तो फोटो आलाच नाही. दिवाळीच्या सुमारास हेरंबला पाचवा बिल्ला मिळाला. परीक्षकांनी शेरा दिला होता, ‘असा क्षण टिपायला आयुष्यभराची साधना लागते.’

स्टुडिओत शिरल्या शिरल्या समोर तोच फोटो दिसतो, भिंतभर. आत्याचा अंगठा तेवढा कापावा लागला.