एका जागी

"बहिरू, मुडद्या, एका जागी बसशील तर शपथ!" ओरडून ओरडून रंभाबाईचा घसा बसला, पण पोरगा काही बसला नाही. मुळशीच्या भातखाचरांच्या बांधावरून पळत सुटलेला बहिरू थेट दिल्लीच्या मैदानात देशात पहिला आला, आणि मग पळणं सोडून हवाई दलात लढाऊ विमान चालवायला गेला.

दीड वर्षानं मिळालेली दोन दिवसांची रजा संपली. पौडच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून तो आईकडं बघून हसला.

"आये, आता तरी खूश का? विमानात पट्ट्यांनी बांधूनच बसवत्यात मला, एका जागी."

रंभाबाईनं भाकरीचं गठुडं खिडकीतून त्याच्या हातात दिलं.


"पळत व्हतास तवा दमून, भुकेजून सांजच्याला घरला तरी येत व्हतास रं."