निळ्या पिशव्यांचं वाण

१९९६ची संक्रांत. कारखान्याने दिगंबरला कामावरून कमी केलं होतं. हळदीकुंकवाचं वाण विकत आणायचं, तर मुलांचं दूध बंद करावं लागलं असतं. शालनने त्याचे दोन निळे गणवेश कापून पिशव्या शिवल्या आणि त्याच लुटल्या.

दुसऱ्या दिवशी दिगंबर मंडईतून संतापून आला. “घोरपडेवहिनींच्या पिशवीवर माझा खिसा आहे, कंपनीच्या नावासकट! आता लोकांनी माझ्या खिशातून कोथिंबीर न्यायची?”

तेवढ्यात दारात घोरपडेवहिनीच उभ्या. “शालन, दणकट आहे गं पिशवी! माहेरी द्यायला सहा शिव. पैसे घेणार असलीस तरच हं.”

दिगंबरने उरलेले गणवेश काढून दिले, एक सोडून.

पुढे पिशव्यांवरच घर चाललं. घोरपडेवहिनी लेकाकडे पुण्याला गेल्या, पिशवी घेऊनच. तो एक गणवेश दिगंबर मरेपर्यंत दर संक्रांतीला इस्त्री करायचा. आता शालन करते.