पुराव्याचं सरबत

गारपीट झाल्यावर दहाव्या दिवशी विम्याचे साहेब उगवले, तोवर द्राक्षबाग करपून गेली होती. “हे उन्हानंही होतं. गारांचा पुरावा?” सून याचीच वाट बघत होती. हल्ली भर उन्हाळ्यात गारा आणि हिवाळ्यात घाम, आभाळाचा भरवसा नाही, म्हणून तिनं डबाभर गारा फ्रीजरमध्ये जपल्या होत्या. ती आत धावली, तर डबा रिकामा! “साहेब उन्हातून आलेत, सरबतात बर्फ घातला,” सासरे ऐटीत म्हणाले. तिनं कपाळावर हात मारला. बाहेर साहेब पेला ओठांशी नेता नेता थबकले. पेल्यात अर्धी विरघळूनही लिंबाएवढी गार, तिला वेलीचं पान चिकटलेलं. त्यांनी ती चमच्यानं काढून मोजली, फोटो घेतला, मंजुरीची सही केली. “आजोबा, पुढच्या वेळी पुरावा पाजू नका.” सुनेच्या जिवात जीव आला. “मग काय कोमट पाजू?” सासरे फणकारले.