रेने

वर्गात रेनेच्या नावाचा सगळ्यांनाच हेवा वाटे. बारशाला आत्याने सुचवलेलं नाव बाजूला सारून आईने हट्टाने हे फ्रेंच नाव ठेवलं होतं. आज फ्रेंचच्या बाईंनी त्याचा अर्थ सांगितला. "मूळ शब्द लॅटिन. अर्थ, पुन्हा जन्मलेली."

रेने घरी आली ती थेट हार घातलेल्या फोटोसमोर. ती जन्मायच्या वर्षभर आधी तापाने गेलेली ताई. तिचेच फ्रॉक घालून रेने मोठी झाली होती. तिच्यासारखाच मधोमध भांग आई रोज पाडायची.

वाटीत पुन्हा रताळ्याची खीर होती.

"आई, मला ही खीर आवडत नाही गं. कधीच आवडली नाही."

आईने मायेने तिच्या केसांवरून हात फिरवला. "असं काय करतेस? त्या तापातसुद्धा हीच मागितली होतीस."