पहिलं बटण

सुलक्षणावहिनींनी कॅल्क्युलेटर पदराने पुसून मांडीवर घेतला. समोर सहदेव चहाची कपबशी धरून बसला होता. चहावर साय धरू लागली होती.

"फार दिवस ठेवलात, भावजी."

"टाकीचं काम लांबलं, वहिनी."

काम लांबलं नव्हतं. वहिनींचा नवरा दशरथ अचानक गेला तेव्हा दोघांच्या मुलुंडच्या ऑफिसात पाण्याच्या टाकीचं डिझाइन अर्ध्यावर होतं, आणि त्याचे प्रोग्रॅम दशरथच्या या कॅल्क्युलेटरमध्ये होते. म्हणून सहदेवने घाटकोपरला येऊन तो मागून नेला. टाकी आठवड्यात संपली. कॅल्क्युलेटर त्याने चंद्राच्या खेळासाठी ठेवून घेतला. तो खेळ दशरथनेच आत भरला होता. इंधन संपायच्या आत यान चंद्रावर उतरवायचं. पडद्यावर नुसते आकडे, यान ज्याचं त्याने मनात बघायचं. डबा खाऊन झाला की दोघं आळीपाळीने खेळायचे. "वाट लागली रे तुझी," दशरथ म्हणायचा. "चंद्राला खड्डा पाडलास." तो गेल्यावरही सहदेव दुपारच्या सुट्टीत एकटाच यान उतरवत राहिला. एक दिवस आकडे फिके पडले.

दशरथचा नियम सगळ्या ऑफिसला पाठ होता. आधी एक सेल बदलायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम काढले की आतलं सगळं पुसलं जातं. सहदेवने घाईत दोन्ही काढले.

टाकी गेली, चंद्र गेला. पण कॅल्क्युलेटर देताना वहिनी म्हणाल्या होत्या, "हे पहिलं बटण तेवढं जपा. ते दाबलं की हे मला हाक मारतात." ती हाक सहदेवने कधी पाहिली नव्हती. वहिनींचं नाव मात्र त्याला माहीत होतं. दशरथच्या डब्याच्या झाकणावर ते कोरलेलं होतं. तेच त्याने इंग्रजी अक्षरं शोधत शोधत त्या बटणामागे भरलं.

वहिनींनी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत 'सुलक्षणा' उमटलं. त्या बराच वेळ अक्षरं जुळवत राहिल्या.

"इथे 'अगं' यायचं."

सहदेवने कपबशी खाली ठेवली.

"यांनी माझं नाव कधी घेतलं नाही, भावजी. लग्नात उखाणा घ्यायला लावला तर मांडवातून उठून गेले होते."

"वहिनी, सेल बदलताना..."

"दोन्ही एकदम काढलेत." त्या विचारत नव्हत्या.

"मी आत्ता भरून देतो ना. इंग्रजीत तीनच तर अक्षरं आहेत." त्याने घाईघाईने हात पुढे केला.

"तुम्ही मला 'अगं' म्हणणार?"

सहदेवचा हात तसाच राहिला. वहिनींनी कॅल्क्युलेटर पालथा केला, मागचं झाकण सरकवलं, दोन्ही सेल एकदम काढले आणि त्याच्या बशीत ठेवले.

"चहा घ्या," त्या म्हणाल्या. "निवला."