शनिवारपुरतं नाक

“डॉक्टरकाका, मला मोठं नाक बसवून द्या. शनिवारी कापायचंय!”

नऊ वर्षांची मृण्मयी गॅदरिंगच्या नाटकात राक्षसीण होती. पण तिचं चपटं नाक राजपुत्राने कापलेलं शेवटच्या रांगेला दिसणारच नाही, म्हणून बाई भूमिका दुसरीला द्यायला निघाल्या होत्या.

“तान्ही असताना मालिशवाल्या मावशींनी रोज चिमटीत धरून ओढलं हो,” आई ओशाळून म्हणाली, “वर आलंच नाही.”

“वाढत्या नाकाला मी सुरी लावत नाही,” प्लास्टिक सर्जन असलेले डॉक्टर म्हणाले. “पण घरी कणीक असेल ना?”

शनिवारी वीतभर कणकेचं नाक तलवारीने उडून थेट पहिल्या रांगेत, डॉक्टरांच्या मांडीवर पडलं. ते सवयीने ओरडले, “बर्फात ठेवा, बर्फात!”

शेवटची रांग खुर्च्यांवर चढली. मृण्मयीला विव्हळायचं होतं, हसूच आवरेना.